परत गेलेल्या माणसाची नोंद

प्रश्न : मी उपयोजित कलेची पदवीधर असून तीन वर्षे मोबाइल ॲपचे स्क्रीन आखण्याचे काम करते. आयुष्यभर धुणीभांडी करून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात, म्हणून माझ्या मावशीला एका सेवा केंद्रातून दोनदा रिकाम्या हाताने परतावे लागले. तेव्हापासून सार्वजनिक सेवांसाठी सर्व्हिस डिझायनर व्हावे असे वाटते. हे काम नेमके काय असते आणि त्यात कसे शिरावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : स्क्रीन हा सेवेचा एक तुकडा झाला. आपल्या मावशींच्या दृष्टीने सेवा कागदपत्रे गोळा करण्यापासून दाखला हातात पडेपर्यंत चालते, आणि त्या सगळ्या वाटेची आखणी सर्व्हिस डिझायनर करतो. ठसा उमटला नाही तर आधार व्यवस्थेत बुबुळाची, चेहऱ्याची किंवा ओटीपीची पडताळणी उपलब्ध आहे. परंतु ओटीपीसाठी आधारशी जोडलेला मोबाइल लागतो, तो अनेकदा मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा कामावर गेलेला असतो. म्हणून केवळ पर्याय असून भागत नाही. ठसा फसल्यावर खिडकीतल्या ऑपरेटरने पुढे काय करायचे आणि त्यासाठी त्याला कोणी जाब विचारणार नाही याची हमी काय, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. ऑपरेटरला दोष देणे सोपे असते, पण नियमात वाट ठेवलेली नसेल तर तोही हतबल असतो.

हा दयेचा विषय नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केलेले आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला व डोळ्यांना इजा झालेल्या याचिकाकर्त्या होत्या. ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळखपडताळणी, करताना डोळे मिचकावण्याची सूचना त्यांना पाळताच येत नव्हती. ती सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अशी व्यक्ती कधी आलीच नसावी. तिला आरंभीच समोर आणणे, हेच आपण निवडत असलेले काम आहे.

ब्रिटनमध्ये २०११ साली स्थापन झालेल्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस या सरकारी विभागाच्या कामातून सरकारी खात्यांत हे पद रूढ झाले. तेथील सेवामानकांच्या १४ मुद्द्यांत सेवा सर्वांना वापरता यावी हा एक स्वतंत्र मुद्दा आहे. आपल्याकडे हे पद अजून रुळलेले नाही, त्यामुळे प्रवेश सहसा शासनासोबत काम करणाऱ्या सल्लागार वा सामाजिक संस्थांमधून होतो आणि मोबदला खासगी क्षेत्राइतका मिळेलच असे नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) आणि आयआयटी मुंबईतील आयडीसी हे डिझाइन विद्यालय असे पर्याय आहेत.

मात्र प्रवेशपरीक्षेसाठी थांबू नये. उत्पन्नाच्या दाखल्यासारखी एकच सेवा घ्यावी, परवानगी काढून केंद्रात चार दिवस बसावे आणि परत गेलेल्या प्रत्येकाचे कारण लिहावे. नाव किंवा आधार क्रमांक अजिबात लिहू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्जाची पोच, ठरावीक मुदत आणि नाकारल्यास लेखी कारण मिळाले पाहिजे. परंतु ज्याचा अर्ज खिडकीवर स्वीकारलाच गेला नाही, तो या हिशेबात येतच नाही. माझ्या मते आपल्या पोर्टफोलिओचे पहिले पान त्याच माणसाचे असावे. मावशींसोबत तिसरी फेरी आपण स्वतः करावी आणि दारातून निघाल्यापासून काय काय घडले ते त्या पानावर लिहावे.