सोपवलेली चिंता रात्री परत का येते?

"मॅडम, मी सकाळच्या प्रार्थनेत सगळे देवाच्या हाती सोपवते आणि रात्री दोन वाजता सगळे परत घेऊन बसते. माझा विश्वासच कच्चा आहे का?" समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मी अनेक वर्षे ऐकत आले आहे. तो ऐकला की मला वास्कोच्या एका ताईंची आठवण होते. त्यांच्या अनुमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांची हकिकत येथे मांडते.

ताई मूळच्या सांगली भागातल्या, लग्नानंतर गोव्यात स्थायिक झालेल्या. यजमान मालवाहू जहाजावर खलाशी. त्या मराठी उपासनेला नेमाने जात आणि संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवत. दोन महिन्यांपासून मात्र त्यांची झोप उडाली होती. यजमानांना पाठवलेल्या संदेशापुढे एकच करडी खूण दिसली की त्या अंथरुणात उठून बसत आणि दुसरी खूण उमटेपर्यंत फोन खाली ठेवत नसत. त्यातच मंडळीतल्या कोणीतरी "चिंता करणे म्हणजे अविश्वास" असे सुनावल्यामुळे भीतीच्या जोडीला अपराधीपणाही आला होता. असे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मान्य करूनही मला त्याचे वाईट वाटते, कारण आधीच खचलेल्या माणसाला मग देवापुढे तोंड उघडण्याचीही लाज वाटू लागते.

छातीत धडधड होत होती आणि जेवण तुटले होते, म्हणून पहिल्याच भेटीत मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. (कोठे जावे हे ज्यांना कळत नाही, त्यांना मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देते.) उपचार घेणे म्हणजे देवावरचा भरवसा सोडणे, असे त्यांना वाटत होते. एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागत निजला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले आणि पुन्हा खाऊ घातले, हे मी त्यांना बायबलमधल्या पहिल्या राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातून वाचून दाखवले.

तिसऱ्या भेटीत खरी गाठ सापडली. "मी झोपले आणि नेमके तेव्हाच त्यांना काही झाले तर?" असे त्या म्हणाल्या. आपण जागे आहोत म्हणून जहाज तरंगते आहे, असे त्यांच्या मनाने धरले होते. अशी चिंता सोडवत नाही, कारण ती माणसाला राखणीचे कर्तव्य वाटते. मी त्यांना विचारले, "जहाजावर यजमान पहारा कसा देतात?" हे त्यांना तोंडपाठ होते. चार तासांचा वॉच, मग आठ तासांची सुट्टी. बदलीचा माणूस आला की वारा कसा आहे, आसपास कोणती जहाजे आहेत हे त्याला सांगायचे आणि खाली जाऊन झोपायचे. "आणि दुसऱ्या दिवशी?" "पुन्हा तेच. रोजच सोपवावे लागते, मॅडम." एवढे बोलून त्या गप्प झाल्या. मग आम्ही १२१वे स्तोत्र उघडले. त्यातला राखणदार झोप घेत नाही आणि डुलकीही घेत नाही.

सोपवलेले पुन्हा पुन्हा सोपवावे लागते, यात विश्वासाचा पराभव आहे असे मी मानत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा जीव अतिशय खिन्न झाला होता आणि त्याने तीच प्रार्थना तीन वेळा, त्याच शब्दांत केली, असे मत्तय आपल्या शुभवर्तमानात लिहितो. फिलिप्पै येथल्या मंडळीला पत्रात "चिंता करू नका" असे लिहिणारा प्रेषित पौल स्वतः बंदिवासात होता, आणि त्याच वाक्यात तो आपल्या मागण्या आभार मानून देवाला कळवा असे सांगतो. कळवायचे तर नेमके सांगावे लागते. ताईंची प्रार्थना मात्र "प्रभू, सांभाळ" एवढ्यावरच संपत असे.

म्हणून त्यांनी उशाशी एक वही ठेवली. डाव्या बाजूला भीती नेमक्या शब्दांत, उजव्या बाजूला उद्या स्वतः करायचे काम. वादळाची भीती लिहिली, तर उजवी बाजू कोरीच राहिली. ती भीती पूर्णपणे देवाची. पण घराच्या कर्जाचा हप्ता आणि सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या यांसमोर करण्याजोगे काम निघाले, आणि बँकेत जाऊन येताच त्यातली एक ओळ खोडताही आली.

जाग येणे लगेच थांबले नाही. दोन महिन्यांनी त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. एका पानावर लिहिले होते : "२.१०. एकच खूण. प्रभू, आता तुझा वॉच." त्याखाली काही नव्हते. त्या रात्री पुढे काय झाले, असे मी विचारले. पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला तेव्हा जाग आली आणि पाव घ्यायला पायऱ्या उतरल्यावर फोन पाहायचा राहिल्याचे आठवले, असे त्यांनी सांगितले.