तोट्यातला शेअर विकवत नाही

प्रश्न : घरदुरुस्तीसाठी पैसे हवे होते. माझ्याकडे १०० रुपयांना घेतलेले दोन शेअर होते. एकाचा भाव १४० झाला होता, तर दुसऱ्याचा ६० वर आला होता. मी पहिला विकला. दुसरा खरेदीच्या भावाला आल्यावरच विकेन, हे योग्य आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण केलेत ते इतके सर्रास घडते की हर्श शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन या वित्तशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये त्याचा स्वतंत्र अभ्यास मांडला. त्याचे मूळ डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या १९७९ मधील सिद्धांतात सापडते : माणूस नफा-तोटा एखाद्या संदर्भबिंदूपासून मोजतो, आणि तोट्याचे दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा त्याला साधारण दुप्पट जाणवते. आपला संदर्भबिंदू १०० रुपये हा आहे, पण आपण कितीला खरेदी केली, हे बाजाराला ठाऊक नसते (आणि त्याचे त्याला सोयरसुतकही नसते!). म्हणून प्रश्न असा विचारावा की, हातात आज ६० रुपये रोख असते, तर आपण हाच शेअर घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो ठेवण्यामागे केवळ चूक मान्य करण्याची नाखुशी उरते. ‘होय’ असेल, तर मात्र जरूर ठेवावा, कारण प्रत्येक पडलेला शेअर टाकाऊ नसतो.

करांच्या दृष्टीनेही पाहावे : शेअर विकून झालेला तोटा नियमांनुसार भांडवली नफ्यातून (शेअर वा मालमत्ता विकून झालेल्या नफ्यातून) वजा करता येतो आणि, प्राप्तिकर विवरणपत्र मुदतीत भरल्यास, उरलेला तोटा अशाच वजावटीसाठी पुढील ८ वर्षे ओढता येतो.