जर्मनीतली कामगार परिषद म्हणजे युनियन नव्हे

प्रश्न : मुलगा मेकॅट्रॉनिक्सच्या आउसबिल्डुंगसाठी (काम करत घ्यायच्या पगारी प्रशिक्षणासाठी) जर्मनीतल्या कारखान्यात निघालाय. तिथे ‘बेट्रीब्सराट’ नावाची कामगारांची परिषद आहे म्हणे. मी चाकणला कामगार आहे. आमची वर्क्स कमिटी म्हणजे चहा-बिस्किटं. तिथेही तसंच का? आणि तो युनियनमध्ये गेला तर नोकरी, व्हिसा जाईल का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. तुमची शंका अनुभवातून आली आहे. आपल्याकडे 1947च्या कायद्याने वर्क्स कमिटी आणली, तिच्यात व्यवस्थापनाचेही प्रतिनिधी बसतात. बेट्रीब्सराटमध्ये व्यवस्थापनाला खुर्चीच नाही. सगळे कामगारांनी निवडलेले, चार वर्षांसाठी. ओव्हरटाइम, शिफ्टच्या वेळा तिच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत. कुणाला काढायचं तर आधी तिचं म्हणणं ऐकावं लागतं; न ऐकता दिलेली नोटीस रद्दबातल.

मात्र ती संप पुकारू शकत नाही, आणि पगारकरार हे तिचं काम नाही. ते युनियनचं; धातुउद्योगात ‘ईगे मेटाल’ या युनियनचं. युनियनने केलेला करार कारखान्यात पाळला जातो का, यावर परिषद लक्ष ठेवते. परिषदेतले बरेच जण युनियनचेच सभासद असतात, म्हणून बाहेरून दोन्ही एकच वाटतात.

मुलाने दोन्हींशी नातं जोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मतदानाला वय 16 पुरतं, जर्मन नागरिकत्व लागत नाही. प्रशिक्षणार्थींचं वेगळं प्रतिनिधी मंडळही असतं. त्याच्या सदस्याने प्रशिक्षणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत लेखी मागणी केली, तर त्याला कायम नोकरी मिळते. ती नाकारायला मालकाला कोर्टात जावं लागतं. परदेशातून गेलेल्या मुलाला हा केवढा आधार आहे!

युनियनचं सभासदत्व हा तिथल्या राज्यघटनेच्या कलम 9 ने दिलेला हक्क आहे. त्यावरून काढता येत नाही, व्हिसाशीही त्याचा संबंध नाही. वर्गणी एकूण पगाराच्या एक टक्का. फक्त चाचणीचा काळ, जास्तीत जास्त चार महिने, सांभाळा. तेव्हा कारण न देताही प्रशिक्षण थांबवता येतं. सभासद व्हावं, पण गाजावाजा नको.

सही करण्याआधी कंपनीला एक विचाराच : युनियनचा पगारकरार तुम्हाला लागू आहे का? परिषद आहे म्हणजे करार आहेच, असं नाही. करार नसलेली कंपनी प्रशिक्षणार्थीला करारातल्या दरापेक्षा 20 टक्क्यांपर्यंत कमी देऊ शकते. उत्तर ईमेलवर, लेखी घ्या.