‘पाचशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी कशाला?’ : न्यायालयात गेलेल्या ई-चलनाविषयी

दुचाकीच्या ई-चलनाचे प्रकरण न्यायालयात पाठवल्याचा संदेश आपल्याला आला आहे. त्याची नोंद कुठे पाहायची, लोकअदालतीपर्यंत थांबल्यास दंड कमी होतो का, आणि ‘पाचशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी कशाला, भरून टाक’ असे घरचे म्हणत असताना काय करावे, असे आपण विचारले आहे. नोंदीविषयी कोणीही सांगू शकेल. मी लिहायला बसले ते घरच्यांच्या त्या वाक्यामुळे, कारण शब्दाला शब्द तेच वाक्य आमच्या घरात बोलले गेले आणि त्यावरून माझ्यात आणि माझ्या थोरल्या भावात जो वाद झाला तो अजून पुरता मिटलेला नाही.

आधी नोंदीचे सांगते. महाराष्ट्रातील न भरलेली ई-चलने आभासी न्यायालयाकडे, म्हणजे व्हर्च्युअल कोर्टाकडे जातात. त्या संकेतस्थळावर महाराष्ट्राचा वाहतूक विभाग निवडला की मोबाईल क्रमांक, पक्षकाराचे नाव, चलन किंवा वाहन क्रमांक, अथवा सीएनआर क्रमांक यांपैकी कशानेही प्रकरण शोधता येते. सीएनआर हा न्यायालयातल्या प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षरांचा क्रमांक असतो: पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे न्यायालयाचे, सहा आकडे प्रकरणाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. तो वहीत लिहून ठेवावा, कारण प्रकरण पुढे नेहमीच्या न्यायालयात गेले तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख त्यावरूनच सापडते. सर्व काही ‘जीओव्ही डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यांवरच पाहावे. चलनाच्या नावाने मोबाईलवर एखादी फाइल उतरवून घ्यायला सांगणारा संदेश हा फसवणुकीचा असतो, तो उघडूही नये.

आता आमची हकीकत. माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांच्याकडे २०११ साली घेतलेली राखाडी रंगाची स्कूटर आहे. भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत जायचे असले तरी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळल्याशिवाय ते किल्ली फिरवत नाहीत, आणि आम्ही भावंडे लहानपणापासून हे पाहत आलो आहोत. गाडीच्या नोंदणीला मोबाईल क्रमांक दादाचा जोडलेला होता, कारण कागदपत्रांची कामे तोच पाहत असे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच्या मोबाईलवर विनाहेल्मेट वाहन चालवल्याचे ५०० रुपयांचे चलन आले. दादाने कार्यालयात बसल्या बसल्या ते भरले आणि आम्हा कोणालाही सांगितले नाही. चलनासोबतचा फोटो त्याने उघडून पाहिला नव्हता. वडील या वयात कधीतरी विसरले असतील, त्यांना उगाच ओशाळवाणे कशाला करायचे, असा त्याचा विचार होता. त्यात वाईट हेतू नव्हता हे मला तेव्हाही मान्य होते आणि आजही आहे.

नोव्हेंबरमध्ये दुसरे चलन आले आणि डिसेंबरमध्ये तिसरे, दोन्ही त्याच कलमाखाली. तिसऱ्या वेळी मात्र दादाने वडिलांना फोन करून ‘बाबा, हेल्मेट घालत जा हो’ असे सांगितले. वडिलांनी फोन खाली ठेवला आणि पुढचे दोन दिवस ते जेवणाच्या ताटावरही फारसे बोलले नाहीत. शेवटी मी त्यांना काय झाले म्हणून खोदून विचारले, दादाकडून चलनाचा क्रमांक मागवला आणि फोटो उघडला.

फोटोत काळी मोटारसायकल होती. तिच्यावर विशी-बाविशीचा एक मुलगा बसला होता, मागच्या सीटवर दोरीने आवळलेले पोते होते, आणि ठिकाण आमच्या गावापासून साठेक किलोमीटरवरच्या एका चौकाचे होते. मी गाडीच्या क्रमांकाच्या पाटीवर बोटांनी फोटो मोठा केला. शेवटचा आकडा तीन होता, पण त्याच्या डाव्या बाजूला चिखल वाळून बसल्यामुळे तो पहिल्या नजरेला आठ दिसत होता. वडिलांच्या स्कूटरचा क्रमांक आठने संपतो. इतकेच घडले होते. नोव्हेंबरच्या चलनाची तारीख आणि वडिलांनी बँकेत निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला दिला ती तारीख एकच निघाली, आणि दाखल्याची शिक्का मारलेली पोचपावती त्यांनी नेहमीप्रमाणे फाइलला लावून ठेवलेली होती.

मी वाहतूक पोलिसांच्या अ‍ॅपवरून रीतसर तक्रार नोंदवली आणि स्कूटरचे पुढून व मागून काढलेले फोटो, नोंदणी प्रमाणपत्र आणि बँकेची पोचपावती जोडली. काही आठवड्यांनी तक्रार नामंजूर झाली. कारण एका ओळीचे होते आणि त्याचा आशय असा की, याच वाहनावरील याच स्वरूपाचे आधीचे चलन मालकाने कोणतीही हरकत न घेता भरलेले आहे. ऑगस्टच्या त्या भरण्याची गोष्ट दादाने आम्हाला सांगितली ती त्या संध्याकाळी.

आमचा वाद तिथे पेटला. दादाचे म्हणणे असे की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण पूर्वजांनी उगीच केलेली नाही. दोन चलनांचे हजार रुपये भरावेत आणि विषय संपवावा. माझे म्हणणे असे की विषय संपवण्याच्या याच घाईने तो वाढला आहे. दंड भरणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गुन्हा कबूल करणे आहे, मग ते मोबाईलवर एका बोटाने का होईना. आभासी न्यायालयाच्या पानावर तर हे स्पष्टच असते: एक पर्याय प्रस्तावित दंड भरण्याचा आणि दुसरा खटला लढवण्याचा. पहिला निवडला की गुन्हा कबूल केल्याची नोंद होऊन प्रकरण निकाली निघते. दुसरा निवडला की प्रकरण हद्दीतील नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. ‘चुकीचे आहे, पण कटकट नको म्हणून भरत आहे’ असा तिसरा पर्याय तिथे नाही. दुसऱ्याच्या मोटारसायकलचा दंड आपण मुकाट्याने भरला की ती मोटारसायकल पुढच्या वेळीही आपल्याच नावावर पकडली जाते, आणि आमच्या बाबतीत नेमके तेच झाले होते.

२०२३ च्या उन्हाळ्यात दोन्ही चलने आभासी न्यायालयात गेल्याचा संदेश आला. वडिलांनी स्वतः माझ्या शेजारी बसून खटला लढवण्याचा पर्याय निवडायला लावला आणि ओटीपीचे आकडे मोठ्याने वाचून दाखवले. पुढे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयातून समन्स आले. आम्ही वकील लावला नाही. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर असल्याने शिरस्तेदारांकडून पुढची तारीख घेऊन परतावे लागले. दुसऱ्या तारखेला दुपारी दीड वाजता पुकारा झाला. वडिलांना गुन्हा कबूल आहे का असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘नाही. फोटोतली गाडी माझी नाही.’ मग न्यायाधीशांनी कागद चाळत विचारले की, तसे असेल तर आधीचा दंड का भरला. मी मागच्या बाकावर होते आणि मला वाटले की आता ते दादाचे नाव सांगतील. त्यांनी एवढेच सांगितले की घरून चुकून भरला गेला, आणि मान खाली घातली. ज्या माणसाने चाळीस वर्षे मुलांना रांगेत उभे राहायला शिकवले त्याला न केलेल्या चुकीसाठी तिथे मान खाली घालावी लागली, ती त्या पाचशे रुपयांमुळे.

तिसऱ्या तारखेला वाहतूक शाखेचे हवालदार फोटोची रंगीत प्रत घेऊन आले. सरकारी वकिलांनी ती प्रत आणि स्कूटरचे नोंदणी प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवले, दोघांनी मिळून शेवटचा आकडा पाहिला, आणि चूक झाल्याचे त्यांनी स्वतःच न्यायालयाला सांगितले. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५८ खाली दोन्ही प्रकरणांची कार्यवाही थांबवण्यात आली. सगळे मिळून दहा मिनिटे लागली.

दादा आजही हिशेब मांडतो की तीन फेऱ्या, माझ्या तीन अर्ध्या रजा आणि रिक्षाचे भाडे धरले तर खर्च हजाराच्या वर गेला. आकडेमोड त्याची बरोबर आहे. परंतु विनाहेल्मेटचे कलम १९४-डी नुसत्या दंडाचे नाही. त्यात तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या इतर कितीतरी कलमांत तोच गुन्हा दुसऱ्यांदा घडला की शिक्षा वाढते. नावावर चढलेल्या एकेका कबुलीची किंमत पुढे अशी मोजावी लागते, आणि ती त्याच्या हिशेबात कधीच धरलेली नसते.

म्हणून आपल्याला माझे सांगणे असे की, काहीही भरण्याआधी फोटो उघडा. गाडीचा प्रकार, रंग, पाटीवरचा प्रत्येक आकडा, ठिकाण आणि वेळ पाहा. कॅमेऱ्याने केलेले चलन असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-ए प्रमाणे त्यात गुन्हा आणि पाटी स्पष्ट दिसणारा पुरावा हवा, शिवाय नोटीस गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत पाठवायला हवी. फोटोत आपलीच गाडी असेल आणि हेल्मेट खरोखरच नसेल, तर आजच्या आज दंड भरा. लोकअदालतीत सवलत मिळेल म्हणून चूक केलेल्या माणसाने महिनोन्महिने थांबणे मला अजिबात पटत नाही. सवलत देण्यात येते हे खरे असले तरी तो कोणाचा हक्क नाही. आणि चलन चुकीचे असेल तर लोकअदालतीत जाऊच नये, कारण तिथे फक्त तडजोड होते, दोष कोणाचा याचा निर्णय होत नाही, आणि एकदा झालेल्या निवाड्यावर अपीलही करता येत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. मी वकील नाही. वर लिहिले ते महाराष्ट्रापुरते आणि किरकोळ चलनांपुरते आहे. मद्यपान करून वाहन चालवल्याचे प्रकरण असेल तर वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नये. गाडी आपलीच असून दुसरे कोणी चालवत होते, तर चालकाची माहिती देण्याचे बंधन मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ ने मालकावर आहे. गाडी विकलेली असून नोंदणी अजून आपल्याच नावावर असेल, तर चलने आपल्यालाच येत राहतील आणि आधी हस्तांतरणाचे काम पुरे करावे लागेल. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते, आणि उशिरा आलेल्या प्रकरणात हा मुद्दा मांडता येतो. पण तो न्यायालयासमोर मांडावा लागतो, सहा महिने उलटले म्हणून चलन आपोआप रद्द होत नाही.

निकाल आपल्या बाजूने लागला तर तिथेच थांबू नका. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून आदेशाची प्रमाणित प्रत घ्या, जमल्यास रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले त्या नोंदीचीही घ्या, आणि ती वाहतूक शाखेत देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्या, कारण आदेश झाल्यानंतरही आमची दोन्ही चलने अ‍ॅपवर थकीतच दिसत होती आणि ती प्रत दिल्यावरच निघाली. ऑगस्टचे भरलेले चलन मात्र वडिलांच्या नावावर अजून तसेच दिसते. ते काढण्यासाठी मी दोन अर्ज केले, आणि दोन्ही वेळा उत्तर आले की कबूल करून भरलेल्या दंडाविषयी आता काही करता येणार नाही.