नागपूरहून चांदीपूरला गेल्यास मागे हटणारा समुद्र एका दिवसात पाहता येईल का?

होय, एक दिवस पुरतो, कारण ओडिशाच्या या किनाऱ्यावर ओहोटी दिवसातून साधारण दोनदा लागते आणि तिथला समुद्रतळ इतका सपाट आहे की पाण्याची पातळी थोडी उतरली तरी तीन ते पाच किलोमीटर ओली, वळ्या उमटलेली वाळू उघडी पडते व तीवर तांबडे खेकडे धावू लागतात. हावडा मार्गाने खरगपूरला उतरून बालेश्वरची गाडी धरावी. बालेश्वर स्थानकापासून चांदीपूर सुमारे १६ किलोमीटर आहे. ओहोटी दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून आदल्या आठवड्यात गेलेल्या शेजाऱ्याची वेळ तुमच्या उपयोगाची नाही. त्या तारखेचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी अधिक दूर जाते, अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या काळात, कमी. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोकणी हिशेब मात्र बंगालच्या उपसागराला लावू नये. जवळच्या बलरामगडी बंदरावर मासळी उतरते; माझ्या मते तेही पाहण्यासारखे आहे. वाळूत दूर चालत गेल्यास पाणी वळण्यापूर्वीच परतावे, कारण सपाट तळावर भरती झपाट्याने पसरते.