शिकागोला अप्लाय करतोयस? आधी एवढंच बघ

अरे, युनिव्हर्सिटींची लांबलचक लिस्ट बघून घाबरू नकोस, सुरुवातीला तीनच गोष्टी बघ.

१) नावं नीट वाच. यूआयसी (युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय शिकागो) शिकागोत आहे आणि यूआययूसी (युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय अर्बाना-शँपेन) अर्बाना-शँपेनला, म्हणजे गाडीने दोन-अडीच तास लांब. दोन्ही सरकारी, दोन्ही युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय, त्यामुळे पोरं हमखास चुकीच्या पोर्टलवर फी भरून मोकळी होतात. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो वेगळीच, ती प्रायव्हेट. आणि तिथलीही एक आयआयटी आहे, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, घरी पूर्ण नाव सांग नाहीतर आजी सोसायटीभर पेढे वाटेल.

२) कॅलेंडर. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो आणि नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीला क्वार्टर सिस्टीम (वर्षाचे चार भाग), सप्टेंबरअखेर सुरू, टर्म जेमतेम दहा आठवड्यांची, सेटल होईपर्यंत मिडटर्म येते. यूआयसीला सेमिस्टर, ऑगस्टअखेर. तिकीट त्याप्रमाणे काढ.

३) रूम. नॉर्थवेस्टर्नचा मेन कॅम्पस उत्तरेला इव्हॅन्स्टनमध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो दक्षिणेला हाइड पार्कात, एकीकडून दुसरीकडे ट्रेनने तासाच्या वर जातो. यूआयसीवाल्यांची मजा, ओ'हेअर एअरपोर्टवरून ब्लू लाइन ट्रेन थेट यूआयसी-हॉलस्टेड स्टेशनला. भाडं स्वस्त म्हणून स्टेशनपासून लांब घेऊ नकोस, जानेवारीत लेक मिशिगनकडून (शिकागोला लागून असलेलं मोठं सरोवर) वारा सुटला की दहा मिनिटंसुद्धा चालवत नाही.

रँकिंग, असिस्टंटशिप वगैरे नंतर. आधी पाच-सहा नावं काढ आणि टाक इथे, बघू.