न्यू ऑर्लिन्स : आरव्ही नदीपलीकडे ठेवा, गावात पायी या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : दोघंही निवृत्त, मार्चमध्ये ह्यूस्टनहून भाड्याची आरव्ही (म्हणजे चाकांवरचं घर) घेऊन चार दिवस न्यू ऑर्लिन्सला जायचंय, वहिनींचा गुडघा कुरकुरतो, त्या शाकाहारी आहेत, आणि गाडी फ्रेंच क्वार्टरला, म्हणजे गावाच्या सगळ्यात जुन्या भागाला, चिकटून असलेल्या महागड्या आरव्ही पार्कात लावावी की लांब कुठेतरी. आम्ही तीनदा जाऊन आलोय. मी ६८, नवरा ७१, पंचवीस फुटी क्लास सी, म्हणजे मध्यम आकाराची आरव्ही. चालवते मी.

आधी मुद्द्याचं : आरव्ही घेऊन गावात फिरू नका. पहिल्या खेपेला मला वाटलं, सेंट चार्ल्स अव्हेन्यू चांगला रुंद रस्ता आहे, जुने बंगले बघत बघत जाऊ. दोन्ही बाजूंना ओकची झाडं, आपल्या वडासारखी आडवी पसरलेली. कारमधून बघितलं तर सुंदर कमान, पण आरव्हीच्या छपरावर एसी असतो हे त्या कमानीला कुठून माहीत? खर्रर्र असा आवाज आला, एसीचं प्लॅस्टिकचं झाकण फुटलं आणि पाठोपाठ समोरच्या काचेवर मण्यांची एक माळ घरंगळत आली. जांभळे, हिरवे, सोनेरी मणी. मार्डी ग्राच्या, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या, मिरवणुकीत कोणीतरी भिरकावलेली, फांदीत अडकून राहिलेली. नवऱ्याने खाली उतरून नुकसान बघितलं, माळ उचलली आणि काही न बोलता आतल्या आरशाला अडकवली. झाकणाचे पैसे अक्कलखाती जमा. गाडी आमची होती म्हणून तेवढ्यावर भागलं. भाड्याच्या गाडीच्या विम्यात छताचं नुकसान बरेचदा धरत नाहीत, कागद नीट वाचा. फ्रेंच क्वार्टरमध्ये तर गल्ल्या त्याहून अरुंद आणि वर गॅलऱ्या.

मग लावायची कुठे? क्वार्टरजवळचा पार्क सोयीचा आहे, नाही म्हणत नाही, पण तिथे भाव हॉटेलचा आणि दृश्य हायवेचं. आम्हाला आवडतं ते नदीच्या पश्चिम काठावरचं बायू सेग्नेट स्टेट पार्क, वेस्टविगोमध्ये. झाडी आहे, वीज-पाणी जागेवर, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायला डंप स्टेशन. तुमच्यामागे छोटी कार ओढलेली नसणार, म्हणून तिथून उबरने अल्जिअर्स पॉइंटच्या धक्क्यावर जा आणि फेरीबोट पकडा. दोन डॉलर तिकीट, पाचेक मिनिटांत मिसिसिपी पार आणि तुम्ही कॅनॉल स्ट्रीटच्या टोकाला उतरता. समोर गाव उलगडत जातं. दहा डॉलरच्या टूरमध्येही यापेक्षा चांगलं दिसत नाही. फेरी रात्रभर नसते, शेवटची कितीची आहे ते सकाळीच बघून ठेवा. चुकलीच तर पुलावरून उबर आहेच. चार दिवसांचा उबरचा हिशोब करा. तो क्वार्टरच्या पार्काच्या वर जात असेल तर माझं ऐकू नका, सरळ तिथे राहा. फक्त गाडी एकदा लावली की निघायच्या दिवसापर्यंत हलवायची नाही.

विजेबद्दल एक. भाड्याची क्लास सी बहुधा ३० अँपिअरची असते, म्हणजे १२० व्होल्टवर सगळे मिळून ३६०० वॅट. एसी साधारण दीड हजार खातो, इंडक्शन अठराशे. त्यात मायक्रोवेव्ह लावलात की ब्रेकर पडला. पहिल्या दिवशी तो पडतोच, घाबरू नका. आणि फोडणी द्यायची तर छताचा पंखा आधी लावा. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म कोकलतो आणि शेजारचे आजोबा अग्निशामक नळकांडं घेऊन दारात येतात. आमच्याकडे आले होते. पिठलं-भात खाऊन गेले.

आता गाव. सकाळी आठच्या आत जॅक्सन स्क्वेअरला पोचा. रात्री बारनी गजबजलेला बोर्बन स्ट्रीट धुऊन काढत असतात, चौक रिकामा असतो. कॅफे दू माँद १८६२पासून तिथे आहे. बेन्ये (चौकोनी, भोक नसलेले डोनट) एका प्लेटीत तीन येतात, वर पिठीसाखरेचा डोंगर. चावताना श्वास आत घेऊ नका, ठसका लागतो. काळे कपडे घालून जाऊ नका. कॉफीत चिकोरी (एका झाडाचं भाजलेलं मूळ) असते, त्यामुळे पहिल्याच घोटाला माटुंग्याच्या फिल्टर कॉफीची आठवण येते.

कॉफी झाली की मागच्या पायऱ्या चढून बांधावर या. गुडघ्यासाठी उतारही आहे. इथे जरा थांबा. नदी तुमच्यासमोर, आणि मागे वळून पाहिलंत तर गाव खाली. पाणी चढलेलं असलं की जहाजं रस्त्याच्या वरून चालल्यासारखी दिसतात. शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, पावसाचं पाणीसुद्धा पंपांनी उपसून बाहेर टाकावं लागतं. २९ ऑगस्ट २००५ला कतरिना वादळ आलं तेव्हा कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्यात गेलं. हा सगळ्यात जुना भाग मात्र मोठ्या प्रमाणात वाचला, कारण १७१८ साली बिएनव्हिल या फ्रेंच अधिकाऱ्याने वसाहत वसवली ती नदीकाठच्या उंचवट्यावर. जोराचा पाऊस येणार म्हटलं की लोक आपल्या गाड्या रस्त्याच्या मधल्या उंच पट्ट्यावर नेऊन लावतात. त्या पट्ट्याला तिथे न्यूट्रल ग्राउंड म्हणतात.

नाव फ्रेंच क्वार्टर, पण इमारती बघताना मनात स्पेन ठेवा. १७८८च्या आगीत ८५६ इमारती जळाल्या, १७९४ला पुन्हा आग लागली, आणि तेव्हा राज्य स्पॅनिशांचं होतं. नंतर बांधलं ते विटांचं, गिलाव्याचं, आत चौक असलेलं. एखादं दार उघडं दिसलं तर आत डोकावा. बोळातून मागे चौक, मध्ये कारंजं, वर सज्जा. पुण्यातल्या वाड्यात वाढलेल्या माझ्या नवऱ्याचा तिथून पाय निघेना.

गुडघ्यासाठी ट्राम, पण एक गंमत आहे. सेंट चार्ल्सची हिरवी ट्राम हीच प्रसिद्ध. मार्ग १८३५चा, डबे १९२०च्या दशकातले, लाकडी बाकं. तिच्या पायऱ्या उंच आहेत आणि एसी नाही. कॅनॉल स्ट्रीटच्या लाल डब्यांना लिफ्ट आणि एसी दोन्ही आहे. वहिनींनी हिरवीत एकदाच बसावं, सुरुवातीच्या थांब्यावरून, सकाळी, म्हणजे खिडकी मिळते. (ती ओकची झाडं ट्राममधून फार छान दिसतात.) दुसऱ्या महायुद्धाचं म्युझियम अख्खा दिवस खातं. आवड असेल तरच.

संगीत मात्र सोडू नका. जॅझचा प्रिझर्व्हेशन हॉल १९६१पासूनचा, खोली एवढीशी, खाणं-पिणं नाही, कार्यक्रम तासाच्या आतबाहेर. बसायच्या जागा थोड्या, बाकीच्यांनी उभं राहायचं, तेव्हा बसायचं तिकीट आधीच घ्या, इथे काटकसर नको. तरुणपणी आम्ही बोर्बन स्ट्रीटला गेलो असतो, आता फ्रेंचमन स्ट्रीटला जातो. संध्याकाळी सातला गेलं तरी वादक वाजवत असतात. दुसऱ्या दिवशी लुई आर्मस्ट्राँग पार्कातला काँगो स्क्वेअर बघा, पण उजेडात. बघण्यासारखं म्हणाल तर दगडी फरशी आणि झाडं. रविवारच्या सुट्टीत गुलाम माणसं इथे जमून ढोल वाजवायची, नाचायची. आदल्या रात्री जे ऐकलंत त्याचं मूळ त्या फरशीवर आहे.

रस्त्यात कोणी म्हणालं, "तुम्ही बूट कुठे घातलेत ते मी सांगतो, लावा पैज", तर हसून पुढे चला. उत्तर असतं, "बोर्बन स्ट्रीटवर, पायात". मग वीस डॉलर मागतात. आमच्या घरातून गेलेत. अंधार पडल्यावर गजबज सोडून रिकाम्या गल्लीत शिरू नका, बाकी भीती बाळगायचं कारण नाही.

शाकाहाराचं खरं सांगते, अवघड आहे. गंबोत (तिथल्या दाट सूपात) भेंडी असते, नावही बहुधा आफ्रिकेतल्या भेंडीच्या शब्दावरून आलंय, पण रस्सा कोंबडीचा नाहीतर कोळंबीचा. सोमवारी मिळणारा रेड बीन्स अँड राइस म्हणजे आपला राजमा-भातच, पण बहुतेक ठिकाणी आत सॉसेज. दर वेळी विचारा. दुपारी बाहेर, रात्री गाडीत खिचडी, हे आमचं ठरलेलं. प्रालिन मात्र दोघांनी खा, पेकनची दाणेदार वडी. एका दुकानात बाईंनी वजन केल्यावर वर एक तुकडा टाकला आणि म्हणाल्या, "लान्याप". भाजीवाली वर कोथिंबिरीची काडी टाकते ना, त्याला तिकडे स्वतंत्र शब्द आहे.

मार्चमध्ये जाताय तर दोन तारखा बघून ठेवा. सेंट पॅट्रिक्सची, आयरिश चॅनेल या वस्तीतली मिरवणूक, जिच्यात रथांवरून चक्क कोबी, बटाटे, गाजरं फेकतात. वहिनींचा एका दिवसाचा भाजीचा प्रश्न सुटेल. आणि १९ मार्चच्या आसपासच्या रविवारी ब्लॅक मास्किंग इंडियन्स (मूळ अमेरिकनांसारखा वेश करणारे तिथले कृष्णवर्णीय गट) वर्षभर हाताने शिवलेले पिसांचे आणि मण्यांचे पोशाख घालून निघतात. त्या दिवशी रस्ते बंद असतात, उबर अडकते.

जाताना जमलं तर बॅटन रूज सोडल्यावर आय-१० हायवेवरून खाली उतरून व्हिटनी प्लँटेशन (गुलामांकडून पिकवून घ्यायचे तो जुना उसाचा मळा) करा, तिथे बस लागतात त्यामुळे आरव्ही लावायला अडचण नाही. बंदचा वार आधी बघा. बाकीच्या प्लँटेशनांवर मालकाचं झुंबर दाखवतात, २०१४मध्ये उघडलेलं हे ठिकाण गुलामांचं आयुष्य दाखवतं. मी कोल्हापूरकडची. तिथे उसाचा रस आटवायच्या लोखंडी कढया बघितल्या आणि मला गुऱ्हाळातली काहिल आठवली, गुळाचा वास आला. मग वाचलं, उकळता रस एका कढईतून दुसरीत पळ्यांनी ओतायचं काम रात्रंदिवस कोणाकडून करून घ्यायचे. बाजूच्या भिंतींवर नावं कोरली आहेत, कित्येकांना आडनावच नाही. त्या दिवशी संध्याकाळी संगीताला गेलो नाही.

शेवटचं, डंप स्टेशनचं. रविवारी सकाळी सगळे एकदम निघतात आणि अर्धा तास रांग लागते. टाक्या शनिवारी संध्याकाळीच रिकाम्या करून घ्या, हातमोजे भाड्याच्या किटमध्ये नसतात, घरून न्या.